छोट्या केगची मोठी भानगड

डबा सरळ उभा राहत नाहीये, हे आधी बायकोच्या लक्षात आलं. ओट्याखालच्या कपाटात मी घरी केलेली बिअर भरलेला पाच लिटरचा पत्र्याचा मिनी केग, म्हणजे बिअरचं छोटं बंद पिंप, दोन आठवड्यांपासून ठेवला होता. कपाट पुसायला म्हणून तिने तो बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला, तर तो डुलायला लागला. "ह्याचं बूड आधीपासून असं गोल होतं का रे?" नव्हतं. तळ आणि माथा दोन्ही बाहेर आले होते आणि वरच्या रबरी बुचाभोवती बिअरचा ओला गोल उमटला होता. तान्हं मूल उचलावं तसा मी तो डबा दोन्ही हातांनी उचलून न्हाणीघरात नेला, वर जाड टॉवेल टाकला आणि बुचातली हवा सोडायची खिट्टी हळूच फिरवली. पुढची दहा मिनिटं फेस येतच राहिला. पाच लिटरमधली दीडेक लिटर बिअर वाचली, तीही गढूळ.

चूक माझीच, आणि तीही दुहेरी. बाटल्या भरताना मी लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घालतो. बिअरमध्ये उरलेलं यीस्ट ती साखर खातं, त्यातून वायू होतो आणि तो बंद बाटलीत कोंडून बिअरमध्ये विरघळतो. तेच प्रमाण मी डोळे झाकून ह्या डब्याला लावलं. पण बिअरची बाटली जाड काचेची, आणि हा डबा म्हणजे आतून लेप दिलेला पातळ पत्रा. त्याला साखर निम्मीच पुरते. दुसरी चूक त्याहून मोठी. हायड्रोमीटरवर, म्हणजे बिअरची घनता दाखवणाऱ्या नळीवर (साखर संपत जाते तसा आकडा उतरतो), १.०१४ दिसत होतं आणि मी 'झालं असेल' म्हणून भरून मोकळा झालो. त्याच बिअरची एक बाटली पुढे उघडून मोजली, तर आकडा १.०१० वर उतरलेला. मधले चार अंक किरकोळ वाटतात. पण हायड्रोमीटरचा एकेक अंक (०.००१) उतरला की बिअरमध्ये साधारण अर्धा व्हॉल्यूम वायू वाढतो. व्हॉल्यूम म्हणजे एका लिटर बिअरमध्ये किती लिटर वायू विरघळलाय तो आकडा. नेहमीच्या एल प्रकारच्या बिअरमध्ये तो सव्वादोन ते अडीच असतो. फर्मेंटेशननंतर, म्हणजे यीस्टने साखर आंबवून झाल्यावर, मुळातच राहिलेला पाऊणएक, साखरेचा दीड-पावणेदोन आणि हे वरचे दोन, असा माझा हिशेब साडेचारच्या आसपास गेला होता. डबा फुटला नाही, नुसता फुगला, ह्याबद्दल मी त्याचा आजही आभारी आहे.

मुळात केगच्या वाटेला का गेलो, तर बाटल्यांना कंटाळून. मी एका वेळी दहा लिटर बिअर करतो. त्याच्या ३३० मिलिलिटरच्या तीसेक बाटल्या होतात. तीस बाटल्या धुवायच्या, निर्जंतुक करायच्या, भरायच्या, झाकणं दाबायची, आणि पिऊन झाल्या की तळाचा गाळ वाळायच्या आत पुन्हा विसळायच्या. बिअर करण्याचा उत्साह बाटल्यांच्या दिवशी निम्म्यावर यायचा. होमब्रूवाल्यांचा, म्हणजे घरी बिअर करणाऱ्यांचा, नेहमीचा केग म्हणजे १९ लिटरचा कॉर्नेलियस, सगळे ज्याला 'कॉर्नी' म्हणतात तो. दहा लिटर बिअर त्यात अर्धवट राहते, आणि वरच्या रिकाम्या जागेतली हवा बिअरला मारक. शिवाय तो भरल्यावर तेवीस-चोवीस किलोंचा होतो. माझी कंबर आणि माझा फ्रिज, दोघांनीही आधीच नकार कळवला होता. म्हणून छोटा केग.

'छोटा' हा शब्दही फसवाच आहे. ब्रिटिश पद्धतीच्या कास्कच्या, म्हणजे बिअरच्या पिंपांच्या, दुनियेत सगळ्यात लहान नेहमीच्या पिंपाला 'पिन' म्हणतात, आणि त्यात साडेचार इम्पीरियल गॅलन, म्हणजे साडेवीस लिटर बिअर मावते. त्यांच्या लेखी माझा केग म्हणजे पेलाच.

डबा फुगल्यावर मी नव्याने शोध सुरू केला तो भांड्यांच्या मापांवरून. कागदावर रकाने केले: किती लिटर, कोणता धातू, तोटी वर की खाली, उंची किती, झाकणातून हात आत जातो की नाही. पत्र्याचे पाच लिटरवाले होते. स्टीलचे दोन, चार, पाच, दहा लिटरचे स्क्रूच्या झाकणाचे होते. त्यांना बरेच जण ग्राउलरच म्हणतात. पीईटी प्लास्टिकचे हलके केग होते. आणि कॉर्नीचीच धाकटी भावंडं होती, अडीच आणि तीन अमेरिकन गॅलनची, म्हणजे साडेनऊ आणि साधारण साडेअकरा लिटरची. हा तक्ता मी माझ्याआधी चारपाच वर्षं बिअर करत असलेल्या एका मित्राला दाखवला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "सगळं ठीक आहे, पण गॅसचा रकाना कुठाय?"

"गॅस काय, कशानेही देता येईल."

"मग घे जो घ्यायचा तो. सहा महिन्यांनी बोलू."

सहा महिने लागले नाहीत. मी चार लिटरचा स्टीलचा केग घेतला. दिसायला फार देखणा. झाकणातच तोटी, झाकणातच चिमुकला रेग्युलेटर, आणि त्यात १६ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची कार्ट्रिज फिरवून बसवायची. सिलिंडर नको, नळ्या नकोत, फ्रिजच्या एका कप्प्यात सगळा संसार. कार्ट्रिज आत जाताना एक बारीकसा 'टक्' आवाज होतो, सुई सील फोडते आणि रेग्युलेटरचा काटा उठतो. पहिल्या संध्याकाळी मी तो आवाज पाहुण्यांना ऐकवला. तीन ग्लास भरले, छान फेस धरला, वाहवा झाली. केग फ्रिजमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी तोटी दाबली तर आधी थेंब आले आणि मग तेही थांबले. काटा शून्यावर. आत साधारण तीन लिटर बिअर आणि ढकलायला काहीच नाही.

दुसरी कार्ट्रिज लावली आणि ह्या वेळी झाकणावर साबणाचं पाणी लावून बसलो. रेग्युलेटर झाकणात जिथे शिरतो तिथे एक बुडबुडा हळूहळू मोठा होत होता. मिनिटाला एक, फार तर दोन. एरवी कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. पण दोन-सव्वादोन किलोंच्या सिलिंडरला जी गळती कळतही नाही, ती १६ ग्रॅमच्या कार्ट्रिजला एका रात्रीत रिकामं करते. ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, काढून बघितली, तर एका बाजूला नखाएवढी चपटी झालेली. बदलली, खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस मुगाएवढं चोळलं, बुडबुडा थांबला. तेव्हापासून प्रत्येक वेळी केग लावला की साबणाचं पाणी आलंच. आणि कार्ट्रिज दाब देऊन झाली की रेग्युलेटर बंद करून ठेवायचा, रात्रभर चालू सोडायचा नाही.

गळती थांबली तरी गॅस पुरेना. मग एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, जे काम खरेदीच्या आधी करायला हवं होतं. १८०३ साली विल्यम हेन्रीने मांडलेला नियम शाळेत शिकलो होतो: द्रवात किती वायू विरघळणार ते वरच्या दाबावर ठरतं, आणि द्रव जितका थंड तितका तो वायूला जास्त सामावून घेतो. परीक्षेत लिहिला आणि विसरलो. इथे तो घरखर्चाच्या वहीत येऊन बसला.

एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरमागे जवळजवळ दोन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. २० अंश सेल्सिअसला फर्मेंटेशन संपलेल्या बिअरमध्ये ०.८५ च्या आसपास व्हॉल्यूम आधीच असतात. तिथून २.४ ला न्यायचं तर लिटरला तीन ग्रॅम, म्हणजे चार लिटरला बारा ग्रॅम. हे झालं फक्त बिअरमध्ये बुडबुडे आणण्याचं. आता ती ढकलायची. ग्लासात जेवढी बिअर गेली तेवढी जागा केगमध्ये गॅसने भरावी लागते, आणि तीही दाबाखाली. ४ अंशांवर २.४ व्हॉल्यूम टिकवायला ११ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) आसपास दाब लागतो. त्या दाबाने चार लिटर जागा भरायची तर आणखी साडेतेरा ग्रॅम. एकूण पंचवीस ग्रॅमच्या वर. कार्ट्रिजमध्ये सोळा. म्हणजे प्रत्येक चार लिटरला दोन कार्ट्रिज, आणि दुसरी संपता संपता थोडी उरलेली. रिकामे स्टीलचे नळकांडे साचायला लागले तेव्हा ह्या हिशेबाला वजन आलं.

ह्यावर एक उपाय आहे. बुडबुडे साखरेने आणायचे आणि कार्ट्रिज फक्त ढकलायला वापरायची. मी चार लिटरला चोवीस ग्रॅम साखर घालून पाहिली, केग दोन आठवडे बाहेर ठेवला आणि मग थंड केला. हे भांडं स्टीलचं, जाड, झाकणाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह असलेलं. तेव्हा फुगायची भीती नव्हती, आणि ह्या वेळी हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस हलला नाही तेव्हाच भरली होती. (व्हॉल्व्ह आहे की नाही ते घेतानाच बघावं. काही छोट्या झाकणांना तो नसतोच.) एक कार्ट्रिज पुरली. पण पहिले दोन ग्लास गाळाचे आले, कारण आतली नळी थेट तळापर्यंत जाते. केग फ्रिजमधून उचलून टेबलावर ठेवला की तळाचं यीस्ट पुन्हा वर. मी कापून नळी दीड सेंटिमीटर आखूड केली. तळाशी थोडी बिअर वाया जाते, ग्लास मात्र स्वच्छ येतो. पृष्ठभागावरून बिअर ओढणारी तरंगती नळीही मिळते. ती पुढच्या केगला घेतली आणि आता आखूड नळीकडे परत जाणार नाही.

कार्ट्रिजबद्दल दोन गोष्टी, कारण ह्यात घोटाळा सहज होतो. ८ ग्रॅमच्या, बिनआट्याच्या सोड्याच्या कार्ट्रिज आणि क्रीम फेटायच्या कार्ट्रिज बाहेरून जुळ्या बहिणी आहेत. क्रीमवाल्यांत नायट्रस ऑक्साइड असतो. त्याचा बिअरच्या बुडबुड्यांशी संबंध नाही. डब्यावर काय लिहिलंय ते वाचूनच घ्यावं. आणि छर्‍याच्या बंदुकीसाठीच्या १२ ग्रॅमच्या कार्ट्रिजमध्ये कधी कधी बंदुकीच्या सोयीसाठी तेल घातलेलं असतं. ते तेल बिअरमध्ये उतरलं की फेस मेलाच, आणि पोटात काय जातंय तो प्रश्न वेगळा.

आता मित्राला फोन करणं भाग होतं. तो हसला नाही, एवढं त्याचं सौजन्य. त्याने फक्त विचारलं, "घरात सोडा बनवायचं मशीन आहे ना तुमच्याकडे?" होतं. माळ्यावर. त्या मशीनच्या सिलिंडरमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो आणि त्याच्या तोंडाला नेहमीचा रेग्युलेटर जोडायचा अ‍ॅडॅप्टर मिळतो. पाण्याच्या बाटलीएवढ्या उंचीचं, हातात मावणारं नळकांडं. एका सिलिंडरमध्ये पंचवीस कार्ट्रिज. हा एक रकाना भरला आणि माझ्या तक्त्यातले बाकीचे रकाने आपोआप बदलले. गॅस मुबलक झाल्यावर झाकणातच सगळं बसवलेल्या चिमुकल्या केगचं कारणच उरेना. जो केग नेहमीच्या जोडण्यांना जुळतो, ज्याच्या ओ-रिंग कुठेही मिळतात, ज्याचं झाकण उघडून हात घालून तळ घासता येतो, असा हवा. आणि दहा लिटरच्या खेपेतून गाळ वगळता नऊ लिटर हाती येतात. साडेनऊ लिटरचा कॉर्नी माझ्याच बेताने बनवल्यासारखा होता.

कॉर्नी मुळात बिअरचा नव्हेच. शीतपेयांचं सिरप भरून पाठवायला हे डबे निघाले. पुढे सिरप खोक्यातल्या पिशवीतून यायला लागलं, रिकाम्या डब्यांचे ढीग पडले आणि ते होमब्रूवाल्यांनी उचलले. त्या काळाची एक खूण अजून शिल्लक आहे: पेप्सीवाल्यांची जोडणी बॉल लॉक, कोकवाल्यांची पिन लॉक, आणि एकाची जोडणी दुसऱ्यावर बसत नाही. छोट्या मापात नवे केग बहुतेक बॉल लॉकचेच येतात, म्हणून मला निवड करावी लागली नाही. पण ज्यांना जुना पिन लॉक मिळतोय त्यांनी आधी आपल्याकडच्या बाकीच्या जोडण्या बघाव्यात. घरात दोन्ही असणं म्हणजे दोन वेगळ्या मापांचे पाने घेऊन फिरणं.

बॉल लॉकवर गॅसची आणि बिअरची खुंटी, म्हणजे केगच्या डोक्यावरचं जोडणी बसवायचं टोक, जवळजवळ सारखी दिसते. गॅसच्या खुंटीच्या बुडाशी षटकोनाच्या कडांवर बारीक खाचा असतात, बिअरच्या नसतात. हे वाचलं होतं. तरी पहिल्याच दिवशी मी काळी जोडणी, म्हणजे बिअरची, गॅसच्या खुंटीवर जोर लावून बसवली. ती बसली आणि तिथेच राहिली. वीस मिनिटं, एक पाना, भरपूर शिव्या. आता गॅसच्या खुंटीला मी लाल दोरा गुंडाळून ठेवलाय.

केग घरी यायच्या आधी मी फ्रिज मोजला. तेही पद्धतशीर: पुठ्ठ्याचं नळकांडं केलं, केगच्या उंचीचं आणि घेराचं, आणि मधला कप्पा काढून ते आत उभं करून दार लावून बघितलं. मस्त बसलं, वर तीन बोटं जागा उरली. केग आला, बसला. मग वर दोन्ही जोडण्या लावल्या आणि दार लागेना. जोडणी खुंटीच्या वर जाते, तिच्यातून नळी निघते, नळीला वळायला जागा लागते. ह्यातलं काहीच माझ्या पुठ्ठ्याला नव्हतं. शेवटी वरचा कप्पाही एक खाच वर सरकवावा लागला आणि भाजीचा ट्रे कायमचा विस्थापित झाला. त्या ट्रेवरून घरात जे बोलणं झालं ते इथे नको.

पहिली खेप जबरदस्तीने, म्हणजे नुसत्या गॅसच्या दाबाने कार्बोनेट केली. ४ अंश, ११ पीएसआय, आठ दिवस. घाई असेल तर ३० पीएसआय लावून केग मांडीवर आडवा घेऊन हलवणारे लोक आहेत. मीही एकदा केलं आणि तीन दिवस फेसच प्यायलो. वाट बघणं सोपं.

तरीही पहिला ग्लास फेसाचाच आला. दाब बरोबर, तापमान बरोबर, आठ दिवस बरोबर. मग कळलं की चूक तोटीत होती. मी तोटी थेट बिअरच्या खुंटीवर बसवली होती, मध्ये नळीच नाही. छोट्या केगच्या जाहिरातींत असंच दाखवतात आणि ते दिसतंही नेटकं. पण केगमधल्या ११ पीएसआयमधून बिअर एकदम बाहेरच्या मोकळ्या हवेत येते आणि धक्क्याने वायू सोडून देते. नळी लांब असली की वाटेत घर्षणाने दाब हळूहळू उतरतो आणि बिअर शांतपणे ग्लासात येते. नेहमीची नळी आतून पाच मिलिमीटरची, ती दोन-तीन मीटर तरी लागते. फ्रिजमध्ये तेवढा गुंडाळा ठेवायला जागा कुठे? म्हणून चार मिलिमीटरची घेतली. एक मिलिमीटरने काय होतं असं वाटेल, पण तेवढ्यात मीटरमागचा अडथळा दुपटीहून जास्त वाढतो. दीड मीटरचा गुंडाळा केगच्या डोक्यावरच मावला. पुढचा ग्लास: दोन बोटं फेस, खाली स्वच्छ सोनेरी बिअर. नळीही फ्रिजच्या आतच हवी. बाहेर लोंबणारी नळी गरम होते आणि पहिला घोट पुन्हा फेसाचा.

केगमधून बिअर देणाऱ्याला खरा शत्रू फेस वाटतो. फेस दिसतो म्हणून. हवा दिसत नाही. माझी एक हॉप्सने, म्हणजे बिअरला वास देणाऱ्या फुलांनी, भरलेली पेल एल भरल्या दिवशी आंब्याच्या बागेसारखी दरवळत होती. तिसऱ्या आठवड्यात तीच बिअर तपकिरीकडे झुकली आणि चव ओल्या पुठ्ठ्याची. भरताना केगमध्ये हवा होती, त्यातला ऑक्सिजन बिअरला लागला. उपाय सांगतात तो असा: केग निर्जंतुक करायच्या द्रावणाने काठोकाठ भरायचा, तो गॅसने ढकलून रिकामा करायचा, म्हणजे आत फक्त कार्बन डायऑक्साइड उरतो. उपाय चोख आहे, पण साडेनऊ लिटर द्रावण ढकलायला वीस ग्रॅमहून जास्त गॅस जातो. माझ्या जुन्या हिशेबात ही सव्वा कार्ट्रिज, बिअर भरायच्याही आधी.

मग एक दिवस फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) एअरलॉककडे, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेकडे, बघत बसलो असताना डोक्यात आलं की हा तर दिवसरात्र फुकट गॅस सोडतोय. मोजलं. पाच टक्के अल्कोहोलची बिअर होताना लिटरमागे अडतीसेक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. दहा लिटरला ३८० ग्रॅम. खोलीच्या तापमानाला दोनशे लिटर! सोड्याच्या एका अख्ख्या सिलिंडरएवढा गॅस मी दर खेपेला खिडकीबाहेर सोडत होतो. आता फर्मेंटरची नळी मी स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या रिकाम्या केगच्या बिअरच्या खुंटीला जोडतो, म्हणजे गॅस तळाशी शिरतो आणि हवा वरून ढकलली जाते. ह्या कामाला तळापर्यंत जाणारी नळी बरी, म्हणून तरंगती नळी रिकाम्या केगमध्ये तळाशीच पडलेली असते ते इथे कामी येतं. गॅसच्या खुंटीतून दुसरी नळी पाण्याच्या बरणीत. आठवडाभरात फर्मेंटरमधून एकूण केगच्या वीसपट गॅस निघतो. ही जुळणी केल्यापासून हॉप्सवाली बिअर सहा आठवडे टिकली आणि संपली ती पिऊन. एवढंच बघायचं की नळी कुठे तुंबता कामा नये. जोरदार फर्मेंटेशनचा फेस नळीत चढला तर फर्मेंटरचं झाकण उडतं. माझं उडालेलं नाही, पण पहिले दोन दिवस मी नळी केगला न जोडता मोकळी ठेवतो.

धुण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सोडियम परकार्बोनेटचं कोमट द्रावण, अर्धा तास, मग भरपूर पाणी. क्लोरिनचं ब्लीच स्टीलला लावू नये, बारीक खड्डे पडतात. खुंट्या उघडून आतल्या स्प्रिंगा महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुवाव्यात. पहिल्यांदा उघडल्या तेव्हा एका स्प्रिंगेत हॉप्सचं हिरवं पान अडकलेलं होतं आणि बिअर थेंबथेंब का येत होती ते कोडं सुटलं. खुंटी उघडायला खोल सॉकेटचा पाना लागतो, पकडीने षटकोन झिजतो. मी आधी पकडच वापरली, हे सांगायला नकोच.

चार लिटरचा देखणा केग काढून टाकलेला नाही. कुणाकडे जायचं असलं की मोठ्या केगमधून त्यात तीन-साडेतीन लिटर भरून नेतो. भरायच्या आधी तोही गॅसने धुऊन, थंड करून. बिअर आधीच कार्बोनेट झालेली, गाळ मागे राहिलेला, त्यामुळे कार्ट्रिजला फक्त ढकलायचं काम, आणि सहा पीएसआयवर एक कार्ट्रिज निवांत पुरते. एकदोन ग्लासांपुरती बिअर न्यायची तर त्याहून सोपं: सोड्याची लिटरभर पीईटी बाटली आणि बॉल लॉकची खुंटी असलेलं तिचं झाकण. बाटली दाबून हवा काढायची, झाकण लावायचं, गॅस द्यायचा. खरं तर कुणी आज मला विचारलं की केगची सुरुवात कशाने करू, तर मी हेच झाकण आणि एक रेग्युलेटर घ्यायला सांगेन. भांडं आवडलं नाही तर बाटली फेकता येते, रेग्युलेटर पुढच्या प्रत्येक केगला चालतो. प्लास्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत येतोच, तेव्हा त्यात बिअर महिनोन्‌महिने ठेवायची नाही. माझ्याकडे ती दोन दिवस टिकत नाही, हा भाग वेगळा.

गॅसची वही अजून ठेवतो. एका सिलिंडरमध्ये नऊ लिटरच्या सहा खेपा, कार्बोनेट करून आणि ढकलून. साखरेने कार्बोनेट केल्या तर बारा-तेरा. मागच्या सिलिंडरने पाचच दिल्या, तेव्हा कुठेतरी गळती आहे. काल रात्री साबणाचं पाणी लावून सगळ्या जोडण्या बघितल्या, बुडबुडा सापडला नाही. आज रेग्युलेटरची स्वतःची वॉशर काढून बघणार आहे.